अनुदानाचा अर्ज आणि समतेचा हिशेब

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने जात, धर्म, लिंग किंवा अपंगत्व यांच्या कारणावरून कोणालाही दाराबाहेर ठेवू नये, हे तत्त्व आज उघडपणे कोणी नाकारत नाही. वाद उरतो तो या तत्त्वाच्या अंमलबजावणीचा, म्हणजे संस्था ते पाळते की नाही हे शासनाने केव्हा विचारायचे, कोणत्या कागदावर विचारायचे आणि मिळालेले उत्तर खरे आहे याची खात्री कशी करायची, या प्रश्नांचा. अनुदान मागणाऱ्या संस्थेकडून अशी माहिती घेणे म्हणजे नागरी हक्कांच्या अनुपालनाची माहिती घेणे होय. अनुपालन म्हणजे कायद्याने सांगितलेली गोष्ट प्रत्यक्षात केली जाणे. वरवर पाहता हा कार्यालयीन कागदपत्रांचा रुक्ष विषय वाटतो, परंतु गावातील शाळेत कोणाच्या मुलाला जागा मिळते, कोणाची शिक्षक म्हणून नेमणूक होते आणि चाकाच्या खुर्चीवरील मुलगी वर्गापर्यंत पोहोचते की नाही, याचा निकाल अनेकदा याच कागदांवर लागतो.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील खुलताबाद तालुका या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. वेरूळची लेणी, भद्रा मारुतीचे देवस्थान, सूफी संतांचे दर्गे आणि औरंगजेबाची कबर यांमुळे या परिसराचे नाव देशभर माहीत असले, तरी तेथील दैनंदिन सार्वजनिक जीवन इतर कोणत्याही तालुक्याप्रमाणे शासकीय पैशावर चालते. नगर परिषद, ग्रामपंचायती, जिल्हा परिषदेच्या शाळा, खासगी अनुदानित शाळा आणि मराठी व उर्दू माध्यमांचे वर्ग या सर्वांपर्यंत शासनाचा निधी या ना त्या मार्गाने पोहोचतो. येथील धार्मिक स्थळांना मोगल आणि निजामी राजवटींत इनाम जमिनी मिळालेल्या होत्या, म्हणजे राज्याने दिलेले दान ही गोष्ट या भूमीला नवी नाही. नवी आहे ती त्या दानामागे उभी राहिलेली अट. पूर्वीचे इनाम राजाच्या मर्जीने मिळे. आजचे अनुदान नागरिकांच्या करातून मिळते, आणि त्या नागरिकांत सर्व जातिधर्मांची माणसे असल्यामुळे ते घेणाऱ्यावर सर्वांना समान वागवण्याचे बंधन आपोआप येते.

हे बंधन महाराष्ट्रात प्रथम कागदावर आले त्याला दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. १८५६ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला आणि त्याच्या वतीने केलेला अर्ज मुंबई सरकारपुढे आला. त्या वेळी सरकारने कच खाल्ली. परंतु प्रकरण वरिष्ठांपर्यंत गेल्यानंतर १८५८ मध्ये मुंबई सरकारने दोन गोष्टी जाहीर केल्या. केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या राहतील, ही पहिली. आणि ज्या शाळेला अंशतः सरकारी मदत मिळते, ती जातीच्या किंवा वंशाच्या कारणावरून कोणाला शिक्षण नाकारत असेल, तर तिची मदत थांबवण्याचा पूर्ण अधिकार सरकार राखून ठेवते, ही दुसरी. अनुदान आणि समान वागणूक यांची सांगड या दुसऱ्या घोषणेत स्पष्टपणे घातलेली दिसते. तथापि अधिकार राखून ठेवणे आणि तो वापरणे यांत मोठे अंतर असते, आणि कोणती शाळा कोणाला बाहेर ठेवते हे नियमितपणे विचारणारी यंत्रणाच उभी न राहिल्यामुळे ते अंतर दीर्घकाळ कायम राहिले.

पुढचा टप्पा मुंबई कायदेमंडळात गाठला गेला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला, आणि सार्वजनिक निधीतून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने व कचेऱ्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुल्या कराव्यात असे ठरले. अंमलबजावणी स्थानिक संस्थांच्या हाती असल्याने ठराव बव्हंशी कागदावरच राहिला. हे पाहून बोले यांनी ५ ऑगस्ट १९२६ रोजी दुसरा ठराव आणला आणि जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाही, तिला सरकारने अनुदान देऊ नये अशी शिफारस केली. महाडची घटना याच पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, म्हणजे कागदोपत्री अनुपालन पूर्ण झाले होते. परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला त्या तळ्यावर पाणी भरता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी ते पाणी घेतले तेव्हा ठराव आणि वास्तव यांतील तफावत उघडी पडली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. तळ्यावरील हक्काचा न्यायालयीन निकाल मुंबई उच्च न्यायालयातून लागेपर्यंत १९३७ साल उजाडले. संस्थेने स्वतः लिहून दिलेले उत्तर कोणी पडताळले नाही तर त्याची किंमत काय राहते, हे महाडने दाखवून दिले आहे.

मुंबई सरकारचे हे ठराव खुलताबादला लागू नव्हते, कारण हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथील नागरिकांना समान वागणुकीची सर्वंकष हमी २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटनेने दिली. घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम २९(२) ने राज्याच्या निधीतून साहाय्य घेणाऱ्या शैक्षणिक संस्थेला केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली. आणि कलम २८(३) ने अशा संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षण देता येणार नाही असे ठरवले. ज्या तालुक्यात देवस्थाने आणि दर्गे शेजारी नांदतात आणि जेथे वेगवेगळ्या धर्मांची मुले एकाच वर्गात बसतात, तेथे या कलमांचा अर्थ रोजच्या शालेय व्यवहाराशी जोडलेला आहे.

कलम १७ ला बळ देण्यासाठी १९५५ मध्ये कायदा झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. अस्पृश्यता नष्ट झाल्यामुळे व्यक्तीला प्राप्त होणारा कोणताही हक्क म्हणजे नागरी हक्क, अशी व्याख्या या कायद्यात आहे. त्याचे कलम ९ फारसे चर्चेत येत नाही, पण प्रस्तुत विषयाचा गाभा तेथे आहे. शासनाकडून जमिनीचे किंवा पैशाचे अनुदान मिळणाऱ्या सार्वजनिक पूजास्थानाचा, शैक्षणिक संस्थेचा किंवा वसतिगृहाचा व्यवस्थापक अथवा विश्वस्त या कायद्याखाली दोषी ठरला आणि ती दोषसिद्धी अपिलात कायम राहिली, तर ते अनुदान पूर्णतः किंवा अंशतः स्थगित करण्याचा अथवा परत घेण्याचा आदेश शासन देऊ शकते. इनामाच्या जमिनीपासून वसतिगृहाच्या अनुदानापर्यंत सर्व काही या शब्दांत सामावते. तरीही या कलमाची रचनाच अशी आहे की ते अगदी शेवटी कामाला येते: आधी अन्याय व्हावा लागतो, मग पीडिताने तक्रार करण्याचे धैर्य दाखवावे लागते, मग खटला, शिक्षा आणि अपील, आणि त्यानंतरही अनुदान थांबवणे शासनाच्या मर्जीवर राहते. ज्या गावात तक्रारदाराला त्याच संस्थेच्या दारात पुन्हा जायचे असते, तेथे एवढ्या लांब वाटेने न्याय क्वचितच पोहोचतो.

यावर उपाय म्हणून पैसे देण्याआधी विचारण्याची पद्धत अमेरिकेत विस्ताराने विकसित झाली. तेथील १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने केंद्रीय साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमात वंश, वर्ण किंवा मूळ राष्ट्रीयत्व यांवरून भेदभाव करण्यास बंदी घातली, आणि पुढे लिंग, अपंगत्व व वय यांसाठीही तशी बंधने आली. १९६६ मध्ये वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना सुरू होताना रुग्णालयांकडून लेखी हमी घेण्यात आली, निरीक्षक प्रत्यक्ष वॉर्डांत फिरले, आणि काही महिन्यांतच एक हजारांहून अधिक रुग्णालयांनी गोऱ्या व काळ्या रुग्णांची विभागणी मोडली. तेथील पर्यावरण संरक्षण संस्था अनुदानाच्या अर्जदारांकडून एक स्वतंत्र नमुना भरून घेत आली आहे. भेदभावाचे दावे किंवा तक्रारी प्रलंबित आहेत का, तक्रार ऐकणारी व्यक्ती नेमली आहे का, इमारत अपंगांना वापरता येते का आणि इंग्रजी न जाणणाऱ्यांसाठी भाषेची सोय आहे का, असे प्रश्न त्यात असतात. रुग्णालयांच्या उदाहरणातून मिळणारा धडा असा की हमीपत्र, निरीक्षण आणि निधी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच बदल झाला. नुसत्या हमीपत्राने तो झाला नसता.

महाराष्ट्रात अशा प्रश्नांची यंत्रणा नाही असे म्हणता येणार नाही, मात्र ती विखुरलेली आहे. तिचा सर्वांत भक्कम भाग म्हणजे बिंदुनामावली. २००१ चा राज्य लोकसेवा आरक्षण अधिनियम २००४ पासून अमलात आला आणि तो शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या शैक्षणिक संस्थांनाही लागू आहे. त्याच्या मूळ तरतुदीनुसार अनुसूचित जातींसाठी १३ टक्के, अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के, इतर मागासवर्गांसाठी १९ टक्के आणि विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग धरून एकूण ५२ टक्के जागा राखीव आहेत. बिंदुनामावली म्हणजे संस्थेतील प्रत्येक पदाला क्रमाने दिलेला बिंदू आणि तो बिंदू कोणत्या प्रवर्गाचा आहे याची नोंदवही होय. तिच्यात बिंदू क्रमांकापुढे प्रवर्ग, नेमलेल्या व्यक्तीचे नाव व जात, जात वैधता प्रमाणपत्राचा तपशील आणि नियुक्तीचा दिनांक अशा नोंदी ओळीने येतात. खुलताबाद तालुक्यातील एखाद्या अनुदानित माध्यमिक शाळेला शिक्षक भरायचा असेल, तर ही नोंदवही विभागीय आयुक्त कार्यालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते आणि त्यानंतरच शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर जाहिरात देण्याची वाट मोकळी होते. येथे संस्था आपल्या तोंडाने काही सांगत नाही. नोंदवहीतील रिकामा बिंदूच अनुशेष दाखवतो, आणि तो तपासणारा अधिकारी संस्थेबाहेरचा असतो. अनुपालनाची माहिती कशी मागावी याचा हा उत्तम नमुना आहे.

याउलट, शाळांची वार्षिक माहिती गोळा करणाऱ्या यू-डायस प्लस प्रणालीत बहुतेक उत्तरे शाळा स्वतः भरते. विद्यार्थ्यांची प्रवर्गनिहाय नोंद, मुलींची स्वच्छतागृहे, उताराचा रस्ता म्हणजे रॅम्प, त्याचा कठडा आणि विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचे स्वच्छतागृह असे प्रश्न तेथे असतात, आणि समग्र शिक्षा योजनेचे नियोजन या आकड्यांवर आधारलेले असते. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने शासनाच्या निधीवर चालणाऱ्या शाळांनी अशा मुलांना भेदभावाविना प्रवेश द्यावा आणि इमारत त्यांना वापरता येईल अशी असावी, असे अपेक्षिले आहे. परंतु रॅम्प आहे का, या प्रश्नाला ‘आहे’ असे उत्तर देणे सोपे असते. एक फूट उंची चढण्यासाठी किमान बारा फूट लांबीचा उतार असावा, हे मान्य प्रमाण आहे. चार फुटांचा खडा उतार बांधून दिलेले ‘आहे’ हे उत्तर कागदावर खरे आणि चाकाच्या खुर्चीवरील मुलासाठी खोटे ठरते. म्हणून प्रश्न असा असावा की उताराची लांबी व उंची किती, आणि गेल्या वर्षी किती मुलांनी तो वापरला.

केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतही अनुदानाशी जोडलेली अशी एक अट आहे. ज्या संस्थेत वीसहून अधिक नियमित कर्मचारी आहेत आणि जिचा किमान निम्मा आवर्ती खर्च केंद्रीय अनुदानातून भागतो, तिने नोकऱ्यांत आरक्षण पाळावे असे ते नियम सांगतात. तथापि स्वयंसेवी संस्थेच्या अर्जात लेखापरीक्षण अहवाल, नोंदणी प्रमाणपत्र आणि उपयोगिता प्रमाणपत्र यांवर जेवढा भर असतो, तेवढा या अटीवर नसतो. पैसा कोठे गेला हे बारकाईने विचारले जाते, आणि तो कोणापर्यंत पोहोचला नाही हा प्रश्न मागे पडतो.

अशी माहिती मागताना काही पथ्ये पाळणेही तितकेच आवश्यक आहे. मुलाची जात ही माहिती न्यायासाठी घेतली जाते, म्हणून ती वर्गात मोठ्याने विचारणे किंवा फलकावर लावणे हा त्या हेतूचाच अवमान ठरतो. संस्थांकडून मुख्यतः एकत्रित आकडे मागावेत आणि व्यक्तिगत नोंदी मोजक्या हातांत राहाव्यात. अल्पसंख्याक संस्थांच्या बाबतीत प्रश्नही नेमके असले पाहिजेत. घटनेच्या कलम १५(५) नुसार त्या प्रवेश-आरक्षणातून वगळलेल्या आहेत आणि कलम ३०(२) नुसार अनुदान देताना त्यांच्याबाबत भेदभाव करता येत नाही, पण साहाय्य घेतल्यावर कलम २९(२) त्यांनाही बांधून ठेवते. तिसरे पथ्य लहान संस्थांसाठी आहे. दोन शिक्षकांच्या शाळेवर चाळीस पानांचा नमुना लादल्यास उत्तरे घाईने आणि अंदाजाने भरली जातील, म्हणून प्रश्न थोडे पण पडताळता येण्याजोगे असावेत.

ही पडताळणी केवळ अधिकाऱ्यांनी करावी असेही नाही. माहिती अधिकार अधिनियम २००५ नुसार शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य घेणाऱ्या बिगरसरकारी संस्थाही सार्वजनिक प्राधिकरणाच्या व्याख्येत येतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही महाविद्यालय न्यासाच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे व्यक्तिगत तपशील वगळून अनुदानित शाळेची बिंदुनामावली, यू-डायसवर तिने भरलेली उत्तरे आणि अनुदानासाठी दिलेली हमीपत्रे कोणत्याही पालकाला मागता येतात. १८५८ पासून शासनाकडे अनुदान थांबवण्याचा अधिकार आहे. उणीव आहे ती पैसे देण्याआधी विचारण्याची आणि दिलेले उत्तर जागेवर जाऊन पाहण्याची. प्रत्येक गावातील पालकांनी आणि ग्रामसभेने वर्षातून एकदा आपल्या अनुदानित शाळेची ही कागदपत्रे मागून घ्यावीत आणि त्यांतील प्रत्येक ‘आहे’ शाळेत जाऊन तपासून पाहावे.