मूत्रपिंडाचे आरोग्य आणि त्वचेतील बदल : एक परस्परसंबंध

प्रस्तावना :
मानवी शरीरातील दोन मूत्रपिंडे दररोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यातून केवळ दीड ते दोन लिटर मूत्र तयार होते. टाकाऊ द्रव्यांचे उत्सर्जन, पाणी व क्षार यांचा समतोल आणि तांबड्या पेशींच्या निर्मितीस चालना देणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचे स्रवण ही त्यांची प्रमुख कार्ये होत. ही कार्ये मंदावली की त्याचे परिणाम त्वचेवर उमटतात. याउलट, त्वचेचे काही विकार व प्रसाधनेही मूत्रपिंडास बाधक ठरतात. या दुहेरी संबंधाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूत्रपिंडविकार व त्वचा :
दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात घर्मग्रंथी व तैलग्रंथी आक्रसतात; त्यामुळे त्वचा कोरडी व खवलेदार होते. रक्तक्षयामुळे ती फिकट दिसते, तर साठलेल्या रंगद्रव्यांमुळे तिला पिवळसर वा काळपट छटा येते. काही रुग्णांच्या नखांचा मुळाकडील अर्धा भाग पांढरा व टोकाकडील भाग तांबूस-तपकिरी दिसतो.

सर्वांत त्रासदायक लक्षण म्हणजे खाज. ती अंगावर पुरळ नसतानाही सुटते, रात्री बळावते व झोप हिरावून घेते. डायलिसिसवरील रुग्णांत ती विशेष आढळते. टाकाऊ द्रव्यांचा साठा, कोरडेपणा, दाह आणि मज्जातंतूंतील बदल ही तिची संभाव्य कारणे मानली जातात. त्वचा स्निग्ध ठेवणे, आहारातील फॉस्फरसवर नियंत्रण व पुरेसे डायलिसिस हे उपचारांचे मूळ सूत्र होय. डायलिसिसच्या रुग्णांतील अशा खाजेसाठी डायफेलिकेफॅलिन या औषधास अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

त्वचेकडून मूत्रपिंडाकडे :
खरूज झाल्यावर खाजवून झालेल्या जखमांत स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंचा संसर्ग झाल्यास काही आठवड्यांनी, विशेषतः मुलांमध्ये, मूत्रपिंडदाह उद्भवू शकतो. चेहऱ्यावर सूज येणे व लघवी लालसर वा तपकिरी होणे ही त्याची लक्षणे होत. म्हणून खरजेकडे क्षुल्लक व्याधी म्हणून पाहणे धोक्याचे ठरते.

त्वचा गोरी करण्याचा दावा करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा असतो. तो त्वचेतून शरीरात शोषला जाऊन मूत्रपिंडातील गाळणीस इजा करतो. परिणामी लघवीवाटे प्रथिने जातात व अंगावर सूज येते. केरळमधील कोट्टक्कल येथील वृक्कतज्ज्ञांनी २०२१ ते २०२३ या काळात आढळलेल्या अशा एका विशिष्ट प्रकारच्या १५ रुग्णांचा अभ्यास केला असता त्यांपैकी १३ जण अशी क्रीम वापरत असल्याचे दिसून आले. क्रीमचा वापर वेळीच थांबविल्यास हा विकार बव्हंशी आटोक्यात येतो.

निष्कर्ष :
त्वचा ही मूत्रपिंडाच्या आरोग्याची साक्षीदार आहे. परंतु तिची साक्ष बहुधा उशिरा मिळते. मूत्रपिंडाची बरीच कार्यक्षमता नष्ट होईपर्यंत त्वचेवर काहीही दिसत नाही. यास्तव मधुमेही व उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी त्वचेच्या लक्षणांची वाट न पाहता दरवर्षी रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन यांची तपासणी करून घेणे आवश्यक आहे. कारण न सापडणारी, दीर्घकाळ टिकणारी खाज असल्यास केवळ मलमावर विसंबून न राहता हीच तपासणी करणे हिताचे ठरते.