‘वापरलेले इंधन’ : एक फसवे विशेषण

‘वापरलेले’ हे विशेषण वस्तूचे कार्य संपल्याचे सुचविते. अणुभट्टीतील इंधनास ते लावले असता मात्र शब्दार्थ व वस्तुस्थिती यांत धोकादायक अंतर पडते. विखंडनाची साखळी थांबली, तरी तिच्यातून निर्माण झालेल्या द्रव्यांचा किरणोत्सर्गी ऱ्हास चालूच राहतो. भट्टी बंद होताक्षणी ही उष्णता मूळ शक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते. पुढे ती घटते, परंतु लोपत नाही. म्हणून असे इंधन कित्येक वर्षे खोल जलकुंडात ठेवावे लागते. पाणी उष्णता वाहून नेते आणि किरणोत्सर्गही अडविते. ते आटून इंधन उघडे पडल्यास त्यावरील झिर्कोनियमचे वेष्टन पेटू शकते.

मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा दाइची येथे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. क्रमांक ४ ची भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती व तिचे सर्व इंधन कुंडात हलविलेले होते. तेथे एकूण १,५३५ इंधनजुड्या होत्या. १५ मार्च रोजी त्या इमारतीत स्फोट झाला. कुंडात पाणी उरले नाही, असे अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाच्या अध्यक्षांनी सांगितले. पुढे पाणी शिल्लक असल्याचे आढळले; हायड्रोजन शेजारच्या क्रमांक ३ कडून आला होता. तथापि लगतच्या भट्टीविहिरीतील पाणी योगायोगाने कुंडात झिरपले, हेही त्या बचावाचे एक कारण होय. डिसेंबर २०१४ मध्ये कुंड रिकामे करण्यात आले.

तात्पर्य, बंद भट्टी म्हणजे निर्धोक भट्टी नव्हे. परिभाषाकारांनी येथे राखेपेक्षा राखेखालचा निखारा ध्यानी घ्यावा.