ड्रायर मुका झाला तर

अमेरिकेत येऊन कितीही वर्षं झाली तरी धुतलेले कपडे यंत्रात घालून वाळवायचे, ही गोष्ट आपल्या आई-वडिलांच्या पिढीला पटत नाही. उन्हाळ्यात भेटीला आलेली आई मागच्या अंगणातल्या लख्ख उन्हाकडे बोट दाखवून "एक दोरी बांधली असती तर?" असं विचारते, आणि आपण तिला होमओनर्स असोसिएशनचे नियम समजावत बसतो. पण जानेवारीत बाहेर बर्फ, घरात दोन शाळकरी मुलं आणि पुढ्यात ओल्या कपड्यांचा ढीग असताना ड्रायरचं बटण दाबावं आणि काहीच होऊ नये, म्हणजे या यंत्राची किंमत कळते. दुरुस्तीवाला चार दिवसांनंतरची वेळ देतो, आणि नुसतं येऊन बघण्याचेच बरेच डॉलर मोजून घेतो.

माझा रोजचा धंदा सॉफ्टवेअरचा. इंजिनिअरिंगमधली डॉक्टरेट आहे, पण ती काही ड्रायरवर मिळालेली नाही! तरी गेल्या काही वर्षांत आमच्या मंडळातल्या पाच-सहा घरांचे ड्रायर उघडून पाहिले, आणि हे काम प्रोग्राममधला दोष शोधण्यासारखंच आहे अशी माझी खात्री झाली. अंदाजाने भाग बदलत सुटायचं नाही. साखळी कुठे तुटली आहे ते शोधायचं, आणि मग ती का तुटली ते विचारायचं. हा दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. हा लेख मुख्यतः त्यासाठी.

आधी विजेचं थोडं बोलू. आपल्याकडे "एक फेज गेली" म्हटलं की सगळ्यांना कळतं: आपल्या घरात अंधार आणि समोरच्यांकडे टी.व्ही. चालू. इथल्या घरात तीन फेज नसतात, पण १२० व्होल्टच्या दोन तारा येतात आणि त्या दोहोंमध्ये मिळून २४० व्होल्ट मिळतात. विजेवरच्या बहुतेक ड्रायरमध्ये तापणारी कॉइल २४० व्होल्टवर चालते, पण ड्रम फिरवणारी मोटर मात्र एक तार आणि न्यूट्रल यांच्यामध्ये, म्हणजे १२० व्होल्टवर. त्यामुळे एक तार गेली तर ड्रम छान फिरतो पण कपडे थंडगार राहतात, आणि दुसरी गेली तर यंत्र पूर्ण मुकं होतं. न्यूट्रल सैल झाला तरी तेच. (गॅसच्या ड्रायरला साधं १२० व्होल्टचं प्लग पुरतं, पण तिथे गॅसचा वास आला तर कशालाही हात न लावता घराबाहेर पडावं आणि गॅस कंपनीला फोन करावा.)

म्हणून पहिली फेरी तळघरातल्या ब्रेकरच्या पेटीकडे. ड्रायरचा ब्रेकर जोडीचा आणि सहसा ३० अँपिअरचा असतो. उडालेला ब्रेकर बऱ्याचदा मधेच अडकून बसतो आणि चालू असल्यासारखा दिसतो. तो आधी पूर्ण बंद करून मगच पुन्हा चालू करावा. लगेच परत उडाला तर थांबा, ते इलेक्ट्रिशियनचं काम. प्लग काळा पडला असेल किंवा जळकट वास येत असेल, तरीही तेच.

घर बदलल्यावर ड्रायर चालेनासा झाला असेल तर भिंतीतलं सॉकेट पाहा. १९९६ सालच्या राष्ट्रीय वीजनियमांपासून नव्या जोडणीला चार तारा लागतात. जुन्या घरांत तीन भोकांची सॉकेटं अजून सापडतात. कॉर्ड बदलता येते. मात्र तीन तारांची काढून चार तारांची लावताना न्यूट्रलला यंत्राच्या पत्र्याशी जोडणारी पट्टी सोडवावी लागते. ती तशीच राहिली तर ड्रायर चालेलही, पण न्यूट्रलमधली वीज पत्र्यावर येण्याची वाट मोकळी राहते. हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावं.

वीज नीट असेल तर आता कान द्या. बटण दाबल्यावर नुसतं गुणगुणल्यासारखा आवाज येत असेल तर मोटरला वीज मिळते आहे पण ती फिरू शकत नाही. बटण लगेच सोडा, नाहीतर मोटर तापेल. पंख्यात मोजा किंवा नाणं अडकलेलं असतं, नाहीतर मोटरच थकलेली असते. मोटर चालते आणि ड्रम फिरत नाही, तर पट्टा तुटला. मग ड्रम हाताने फिरवला तर एका बोटाने भिंगरीसारखा फिरतो. काही मॉडेलांत पट्टा तुटला की एक छोटा स्विच मोटरच सुरू होऊ देत नाही, म्हणून आवाज नसला तरी हे बघून घ्यावं. नव्या यंत्रांत मुलांसाठीचं कुलूप चुकून लागलेलं असतं, तेही एकदा पाहा. हसू नका, दोन घरांत "दुरुस्ती" एवढीच होती.

आणि काहीच आवाज नसेल तर? पूर्वीची दिवाळीची माळ आठवा. एक बल्ब गेला की सगळी माळ बंद. बटणापासून मोटरपर्यंतचा रस्ता तसाच आहे: दाराचा स्विच, थर्मल फ्यूज, सुरू करायचं बटण, सगळे एकामागे एक. दाराचा स्विच तपासणं सोपं. दार लावताना 'टक्' असा आवाज येतो का आणि आतला दिवा दाराबरोबर लागतो-विझतो का, ते बघायचं.

बाकीच्यांसाठी मल्टिमीटर लागतो, आणि त्याआधी ब्रेकर बंद करून प्लग भिंतीतून ओढून काढायचा. नुसतं बटण बंद करून यंत्र उघडू नये. थर्मल फ्यूज ही बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी वस्तू, बऱ्याच मॉडेलांत मागचा पत्रा काढल्यावर पंख्याच्या घरट्यावर बसवलेली दिसते. तिच्या वायरी काढून मीटर लावायचा. चांगल्या फ्यूजचा रोध जवळजवळ शून्य दाखवतो, गेलेल्याचा अनंत. नवा फ्यूज दहा-वीस डॉलरला मिळतो. आपल्या मॉडेल नंबरला जुळणाराच घ्यायचा, कारण त्याचं तापमान ठरलेलं असतं. एका प्रचलित फ्यूजचं ते १९६ अंश फॅरनहाइट, म्हणजे ९१ सेल्सिअस आहे. (काही मॉडेलांत हा फ्यूज फक्त उष्णता तोडतो, मोटर चालूच राहते.)

आमच्या एका स्नेह्यांनी दाराचा स्विच बदलला, मग बटण बदललं, आणि शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून फ्यूज. ड्रायर सुरू झाला, वहिनी खूष. दीड महिन्याने पुन्हा मुका! फ्यूज पुन्हा गेलेला. तेव्हा ते मला म्हणाले, "हा भागच फालतू आहे हो. दोन्ही वायरी एकत्र जोडून टाकतो, कटकट नको."

मी त्यांना म्हटलं, थांबा. थर्मल फ्यूज एकदाच जातो आणि विनाकारण क्वचितच जातो. हवा बाहेर पडेनाशी झाली, आत उष्णता साठली, म्हणून त्याने यंत्र बंद केलं. वायरी जोडल्या तर तीच उष्णता पुढच्या वेळी आत साठलेल्या कापसापर्यंत पोचणार. त्या कोठीच्या बरोबर वर त्यांच्या मुलीची झोपायची खोली आहे. ही भीती उगाच नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या हिशोबाप्रमाणे २००८ ते २०१० या वर्षांत घरगुती ड्रायरच्या दरसाल सुमारे २,९०० आगी नोंदल्या गेल्या, आणि त्यांचं सर्वांत मोठं कारण होतं साफसफाई न करणं.

आम्ही ड्रायर पुढे ओढला. मागे चकचकीत फॉइलची चुरगळलेली नळी, आणि भिंतीतल्या पाइपात कपड्यांतून निघालेला राखाडी कापूस इतका गच्च, की मूठभर ओढला तर हातभर आला. दाराजवळची जाळी ते दर वेळी साफ करत असत, पण त्या जाळीतून निसटलेला बारीक तूस वर्षानुवर्षं पुढे जातच असतो. वळणांवर तर तो हमखास बसतो. निवासी बांधकामाच्या नियमांत चार इंची नळीची लांबी साधारणपणे ३५ फूट धरतात, आणि काटकोनातल्या साध्या वळणामागे त्यातून ५ फूट वजा करतात. त्यांच्या घरी चार वळणं होती. म्हणजे १५ फूटच उरले, आणि नळी त्याहून बरीच लांब. आम्ही गुळगुळीत, कडक धातूची नळी लावली, दोन वळणं वाचवली, आणि जोडावर नळीच्या आत घुसणारे स्क्रू टाळून धातूची चिकटपट्टी वापरली, कारण स्क्रूच्या टोकाला कापूस अडकतो. नवा फ्यूज सर्वांत शेवटी घातला.

नंतर ड्रायर रिकामाच चालवून आम्ही जॅकेटं घालून बाहेर गेलो. भिंतीवरची झडप पूर्ण उघडायला हवी आणि हाताला जोराचा उबदार झोत लागायला हवा. पक्ष्यांनी घरटं करू नये म्हणून लोक तिथे बारीक जाळी ठोकतात. ती काढून टाका, कापूस तिच्यावरच साठतो. टॉवेलांचा नेहमीचा बोजा एका फेरीत वाळत असे आणि आता दोन फेऱ्या लागतात असं दिसलं, की फ्यूज जायची वाट न पाहता नळी उघडा.