समुद्राचे उपग्रह नकाशे आणि आपले शिवार: साधने कोणती, वाचायची कशी?

एप्रिल-मे महिना आला की मोबाईलवर लाल-निळ्या रंगांचे समुद्राचे नकाशे फिरू लागतात. 'प्रशांत महासागर तापला, यंदा पाऊस नाही' किंवा 'हिंदी महासागर अनुकूल, यंदा धो-धो पाऊस' असा मजकूर सोबत असतो. माण, खटाव, जत, आटपाडी या कमी पावसाच्या तालुक्यांत अशा एका निरोपावर कोणी बियाणे घेणे थांबवतो, तर कोणी पहिल्याच सरीवर बाजरी किंवा मका पेरतो आणि दुबार पेरणीच्या खर्चात सापडतो. हे नकाशे कसे तयार होतात, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये पाहता येतात आणि त्यांच्यावर किती भरवसा ठेवावा, याची माहिती या लेखात दिली आहे. याच साधनांनी आपले शेत, तलाव आणि नदीचा पूरही पाहता येतो.

समुद्राच्या तापमानाचा आपल्या पावसाशी संबंध

विषुववृत्ताजवळील मध्य प्रशांत महासागराचे पाणी सरासरीपेक्षा 0.5 अंश सेल्सिअस किंवा अधिक तापले आणि ती स्थिती काही महिने टिकली, तर तिला एल निनो म्हणतात. अशा वर्षी भारतात पाऊस कमी राहण्याची शक्यता वाढते. हिंदी महासागराचा आफ्रिकेकडील भाग उबदार आणि इंडोनेशियाकडील भाग थंड असेल, तर त्याला धन इंडियन ओशन डायपोल म्हणतात. ही स्थिती बहुधा मॉन्सूनला पोषक असते.

शक्यता वाढते म्हणजे तसे घडतेच असे नाही. 1997 मध्ये एल निनो अतिशय तीव्र होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. 2023 मध्ये एल निनो होता आणि त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. भारतीय हवामान विभाग एप्रिलमध्ये पहिला आणि मेअखेरीस सुधारित हंगामी अंदाज देतो. त्यात समुद्राच्या तापमानाचा विचार झालेला असतो.

उपग्रहाच्या चित्रापासून नकाशापर्यंत

उसाच्या रसाचा गूळ व्हायला जशी मळी काढावी लागते, तसेच उपग्रहाच्या कच्च्या आकड्यांवर टप्प्याटप्प्याने काम करावे लागते.

1. कच्ची नोंद: उपग्रहाला तापमान थेट कळत नाही. त्याच्यापर्यंत पोचलेला प्रकाश किंवा उष्णतेचे किरण तो आकड्यांत नोंदवतो.
2. ढग आणि हवेचा परिणाम काढणे: उष्णतेचे किरण ढगातून आरपार येत नाहीत, म्हणून ढगाखालची जागा वगळावी लागते. समुद्राचा रंग मोजताना तर उपग्रहाला दिसणाऱ्या प्रकाशातला सुमारे 90 टक्के भाग हवेतून आलेला असतो. तो वजा केल्यावरच पाण्याचा खरा रंग आणि त्यातील हरितद्रव्याचे प्रमाण कळते.
3. चौकटी भरणे: अनेक फेऱ्यांच्या नोंदी एकत्र करून समान चौकटींचा नकाशा तयार होतो. उरलेल्या रिकाम्या जागा सूक्ष्मलहरी उपग्रह, जहाजे आणि समुद्रातील तरंगती यंत्रे यांच्या नोंदींवरून गणिताने भरल्या जातात.
4. सरासरीशी तुलना: त्या तारखेच्या अनेक वर्षांच्या सरासरीतून आजचे तापमान किती वर किंवा खाली आहे, ते काढले जाते. लाल-निळे नकाशे बहुधा या फरकाचे असतात.

कोणती साधने उपलब्ध आहेत?

- नासा वर्ल्डव्ह्यू: ब्राउझरमध्ये चालते, मोफत आहे. समुद्राचे तापमान आणि सरासरीपासूनचा फरक हे थर निवडून हवी ती तारीख पाहता येते. सुरुवात करण्यास हे सर्वांत सोपे.
- मॉसडॅक: इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राचे संकेतस्थळ. इन्सॅट मालिकेतील उपग्रहांची ढगांची ताजी चित्रे येथे मिळतात. ओशनसॅट मालिकेतील ईओएस-06 हा उपग्रह 26 नोव्हेंबर 2022 रोजी सोडण्यात आला. समुद्राचा रंग, तापमान आणि समुद्रावरील वारे मोजणारी उपकरणे त्यावर आहेत.
- सी-डॅस आणि स्नॅप: सी-डॅस हे नासाचे, स्नॅप हे युरोपीय अवकाश संस्थेचे मोफत सॉफ्टवेअर. कच्च्या चित्रापासून सर्व टप्पे यात स्वतः करता येतात. चांगला संगणक आणि सराव लागतो. कृषी महाविद्यालये, कृषी विज्ञान केंद्रे आणि अभ्यासकांसाठी उपयुक्त.
- क्यूजीआयएस: तयार नकाशावर गावाची, गटाची हद्द टाकण्यासाठी मोफत सॉफ्टवेअर.
- कोपर्निकस ब्राउझर: सेंटिनेल उपग्रहांची चित्रे दाखवणारे मोफत संकेतस्थळ. शेतासाठी सर्वांत उपयोगी.

समुद्राचा नकाशा वाचताना तीन गोष्टी तपासा

*नकाशा तापमानाचा की फरकाचा?* विषुववृत्ताजवळचा समुद्र नेहमीच उबदार असतो. साध्या तापमानाच्या नकाशात तो लालच दिसणार. त्यावरून एल निनो आला असे म्हणता येत नाही.

*तारीख कोणती?* मे महिन्यातील स्थिती ऑगस्टपर्यंत बदलू शकते. जुने नकाशे नव्या मजकुरासह फिरतात. तारीख आणि रंगपट्टी नसलेला नकाशा पुढे पाठवू नये.

*चौकट केवढी?* हवामान अभ्यासात सर्रास वापरल्या जाणाऱ्या तापमान नकाशाची एक चौकट सुमारे 25 किलोमीटर लांब-रुंद असते. महासागरासाठी ते पुरेसे आहे, पण सातारा-सांगलीत तेवढ्या अंतरात पाऊसमान पार बदलते. कोयनेच्या पाणलोटात नवजाला हंगामात 5,000 मिमीपेक्षा जास्त पाऊस पडतो, तर माण, जतला वर्षभरात 500 मिमीच्या आसपास.

2019 हे वर्ष आठवून पाहावे. जूनअखेर देशात सुमारे एक तृतीयांश पावसाची तूट होती, हंगामाअखेर पाऊस सरासरीच्या 110 टक्के झाला. ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, तर त्याच काळात जत तालुक्यातील गावांना टँकरने पाणी पुरवावे लागत होते. एकाच जिल्ह्यातला हा फरक समुद्राच्या कोणत्याही नकाशात दिसत नाही.

तीच पद्धत आपल्या शिवारात

सेंटिनेल-2 उपग्रहाची एक चौकट 10 मीटर लांब-रुंद, म्हणजे 100 चौरस मीटर, जवळजवळ एक गुंठा. एकरभर शेताचे सुमारे 40 ठिपके मिळतात. साधारण पाच दिवसांनी नवे चित्र येते.

- पिकाची वाढ: कोपर्निकस ब्राउझरमध्ये गाव शोधून एनडीव्हीआय हा थर निवडावा. पीक जितके दाट व निरोगी, तितका आकडा 1 च्या जवळ. उघड्या रानात तो कमी असतो. एकाच उसाच्या फडात एखादा पट्टा सतत फिका दिसत असेल, तर तेथे जाऊन पाणी, हुमणी किंवा खारपड तपासावी. कारण कोणते, हे चित्र सांगत नाही.
- तलावाचा पसारा: एनडीडब्ल्यूआय थरात पाणी वेगळे दिसते. मागील वर्षीच्या त्याच तारखेशी तुलना केल्यास रब्बी ज्वारीला संरक्षित पाणी मिळेल का, याचा अंदाज बांधता येतो. पाण्याची खोली मात्र यातून कळत नाही.
- पूर: पावसाळ्यात ढगांमुळे सेंटिनेल-2 चे चित्र बहुधा निरुपयोगी ठरते. अशा वेळी सेंटिनेल-1 चे रडार ढगातून पाहते. साचलेले पाणी त्यात काळे दिसते. पलूस, वाळवा, मिरज भागातील नदीकाठच्या शेतात पाणी कुठवर आले, हे त्यावरून कळू शकते. पण पाणी चढले त्याच दिवशी उपग्रह वरून गेला असेलच असे नाही. उंच उसाखाली साचलेले पाणीही सुटू शकते. म्हणून स्वतः तारखेसह फोटो काढून ठेवावेत.

दुष्काळ जाहीर होताना उपग्रहाचे आकडे

केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेनुसार पावसाच्या तुटीबरोबर पेरणी क्षेत्र, जमिनीतील ओल, पाणीसाठे आणि उपग्रहावरून मिळालेले पिकांचे निर्देशांकही पाहिले जातात. यंदाची हिरवाई त्या जागेच्या आजवरच्या किमान आणि कमाल हिरवाईच्या तुलनेत किती, हे त्यातला एक निर्देशांक सांगतो. उदाहरणार्थ, किमान 0.25, कमाल 0.65 आणि यंदा 0.35 असेल, तर निर्देशांक 25 टक्के येतो.

येथे एक अडचण लक्षात घ्यावी. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांच्या पाण्यावरचा हिरवा ऊस आणि शेजारची वाळलेली बाजरी एकाच सरासरीत आली, तर कोरडवाहू शेतकऱ्याचे नुकसान झाकले जाते. तण आणि वेडी बाभूळही हिरवीच दिसते. म्हणून संहितेत 10 टक्के गावांत प्रत्यक्ष पीक पाहणी सांगितली आहे. 31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्याने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात सांगलीचे शिराळा, कडेगाव, खानापूर, मिरज आणि साताऱ्याचे वाई, खंडाळा होते. माण, खटाव, जत, आटपाडी त्या यादीत नव्हते. नोव्हेंबरमध्ये इतर तालुक्यांतील कमी पावसाच्या महसूल मंडळांना दुष्काळसदृश सवलती देण्यात आल्या. ई-पीक पाहणी वेळेत आणि खरी भरणे, तसेच कृषी सहायकांनी कोरडवाहू पिकाचे ठिकाणासह फोटो ठेवणे किती गरजेचे आहे, हे यावरून ध्यानात येते.

पेरणीचा निर्णय कशावर घ्यावा?

- समुद्राचे नकाशे आणि हंगामी अंदाज पाहून पिकांचे नियोजन करावे: कमी कालावधीचे वाण, आंतरपीक, चाऱ्याची तरतूद, पीक विमा.
- 75 ते 100 मिमी पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावर, वापसा येताच पेरणी करावी. आपल्या मंडळातील पावसाची नोंद कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर पाहता येते.
- पुढील चार-पाच दिवसांसाठी हवामान विभागाचा जिल्हा अंदाज आणि मेघदूत ॲपवरील कृषी सल्ला पाहावा.
- पेरणीनंतर दर पंधरवड्याला उपग्रह चित्र पाहावे आणि शंका येईल तेथे बांधावर जाऊन खात्री करावी.

समुद्राच्या नकाशावरून हंगामाचा कल समजतो. चाड्यावर मूठ कधी धरायची, हे मात्र आपल्या रानातली ओल पाहूनच ठरवावे.