औषध पोहोचलं का खुरात?

दत्तजयंती आली की नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, पांढराशुभ्र नुकरा... लाखांच्या बोली लागतात. चेतक फेस्टिव्हल सुरू झाल्यापासून कॅमेरे गळ्यात अडकवून शहरातली मंडळीही वीकेंडला धडकतात. गिऱ्हाइकं दात बघतात, देवमण शोधतात, पंचकल्याणी आहे का बघतात, चाल बघतात. पाय उचलून खूर बघणारे मला कमीच दिसले. आणि सगळा खेळ तर तिथेच आहे!

हे कळलं ते याच जिल्ह्यातल्या कळसाडीत. अंगणात एक तपकिरी घोडी पुढचा पाय अधांतरी धरून उभी होती. तीन दिवस इंजेक्शनं झाली होती, फरक शून्य. मालक, म्हणजे घरातले काका, हवालदिल. डॉक्टरांनी पाय गुडघ्यात धरला, चिमट्यासारख्या सांडशीनं खूर जागोजागी दाबला, घोडी एका जागी दचकली. तिथे वाकड्या सुरीनं थोडं कोरलं आणि काळपट, घाणेरड्या वासाचा पू बाहेर आला. घोडीनं पाय टेकला! मी बघतच राहिले.

फंडा साधा आहे. तुमच्या नखाखाली कधी पू झालाय? तो ठणका आठवा, आणि त्याच बोटावर शंभरेक किलो वजन टाका. खुराची भिंत नखासारखीच केराटिनची, मेलेली. ती फुगत नाही, त्यामुळे आतला पू सगळीकडून दाब देतो. रक्तातून आलेलं औषध त्या पुवाच्या पिशवीत धड शिरतच नाही, कारण तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून आधी वाट मोकळी करायची. मग गरम पाणी, एप्सम सॉल्टचा शेक आणि घट्ट पट्टी. पट्टी ओली होऊ नये म्हणून जगभरातले घोडेवाले वरून काय बांधतात माहितीये? बाळाचा डायपर आणि रुंद चिकटपट्टी! (बारशाला आणलेली पाकिटं उरली असतील तर लक्षात ठेवा.) धनुर्वाताची लस मात्र विसरायची नाही. घोड्याला तो फार लवकर होतो, आणि खुरात घुसलेला खिळा हे त्याचं आवडतं दार.

खिळा खोल, हाडा-सांध्यापर्यंत गेला तर मामला गंभीर. मग मोठ्या दवाखान्यात पायाला वर रबरी पट्टा आवळतात आणि त्याच्या खालच्या शिरेत अँटिबायोटिक सोडतात. वीस-तीस मिनिटं औषध तिथेच कोंडून राहतं. अख्ख्या शरीरात देऊन कधी मिळणार नाही इतकी मात्रा खुराला मिळते, आणि मूत्रपिंडांवरचा ताण कमी राहतो.

पण औषध आत पोहोचलं हे कळणार कसं? ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ख्रिस पॉलिट आणि अँड्र्यू व्हॅन एप्स यांच्या मंडळींनी बारीक नळ्या थेट खुराच्या आत बसवून तिथल्या द्रवातलं औषध मोजलं. याच दोघांचा 2004 चा प्रयोग तर भन्नाट आहे. धान्याच्या अतिखाण्यानं होतो तसा खूरदाह, म्हणजे लॅमिनायटिस, घोड्यांना मुद्दाम जडवला आणि एकच पुढचा पाय 48 तास बर्फात ठेवला. बर्फातल्या खुराची इजा दुसऱ्या पायापेक्षा कितीतरी कमी निघाली. हा आजार साधासुधा नाही. 2006 ची केंटकी डर्बी जिंकणारा बार्बारो आधी पाय मोडून पडला, पण जानेवारी 2007 मध्ये त्याला निरोप द्यावा लागला तो खूरदाहामुळेच. खुरातलं हाड भिंतीला शेकडो पातळ पापुद्र्यांनी टांगलेलं असतं. ते सुटले की हाड खाली घसरतं.

कळसाडीत नळ्या नाहीत, पण काकांना डॉक्टरांनी दोन बोटांची तपासणी शिकवली. टाचेच्या वर, सांध्यामागे नाडी शोधायची. एरवी ती जेमतेम लागते. ती जोरात ठोके देऊ लागली किंवा खूर एका बाजूला गरम लागला, की आत काहीतरी शिजतंय. सकाळ-संध्याकाळ, दुसऱ्या पायाशी तुलना करून.

बाजारात घोडा घेणार असाल तर आणखी एक गोम. वेदनाशामक दिलेला लंगडा घोडा तासभर छान दुडकी चालतो. म्हणून चाल एकदाच बघू नका. दुसऱ्या दिवशीही, कडक जमिनीवर, वळण घेताना बघा. आणि खूर वाचा. कधीकधी पू वरच्या किनारीतून फुटतो, तिथे आडवी चीर राहते, आणि खूर वाढेल तशी ती खाली सरकते, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर. चीर किनारीपासून तीन सेंटीमीटर खाली असेल, तर विक्रेत्याला सरळ विचारा, “भाऊ, तीन-चार महिन्यांमागे याला काय झालं होतं?”