मॅग्नस, मॅग्ना, मॅग्नम : वैद्यकीय संज्ञांची मराठी वाट

सातारा ते मिरज हा पट्टा वैद्यकीय शिक्षणात जुना आहे. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत मिशनचे रुग्णालय उभारले आणि 1897 मध्ये तिथेच वैद्यकीय शाळा सुरू झाली. 1962 मध्ये मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, 1984 मध्ये कराडला कृष्णा संस्था उभी राहिली. पुढे सांगली आणि इस्लामपूर इथे खासगी महाविद्यालये निघाली, आणि अलीकडे साताऱ्यालाही शासकीय महाविद्यालय मिळाले. या महाविद्यालयांत माण-खटाव, जत-आटपाडीकडची मराठी माध्यमातली मुलेही येतात. प्रवेशासाठीची ‘नीट’ परीक्षा मराठीतून देता येते. पण प्रवेश झाला की पहिल्याच आठवड्यात शरीररचनाशास्त्राचे जाडजूड पुस्तक समोर येते आणि पानापानावर लॅटिन-ग्रीक नावे. मुले ती पाठ करू लागतात, आणि आपले इंग्रजी कच्चे म्हणून आपल्याला जमत नाही, अशी समजूत करून घेतात. ही समजूत चुकीची आहे, असे मला ठामपणे मांडायचे आहे. या संज्ञांची घडण इंग्रजीपेक्षा मराठीला जवळची आहे. त्या मराठी व्याकरणाच्या आधाराने शिकवल्या, तर आज जी उणीव मानली जाते तेच या मुलांचे बळ ठरेल.

आधी या नावांचा इतिहास थोडक्यात पाहू. युरोपातले वैद्यक प्रथम ग्रीक भाषेत लिहिले गेले. रोमन काळात, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, केल्ससने ते लॅटिनमध्ये मांडताना काही ग्रीक शब्द तसेच ठेवले, तर काहींना लॅटिन प्रतिशब्द दिले. 1543 मध्ये व्हेसॅलियसने शरीररचनेवरचा आपला ग्रंथ लॅटिनमध्येच लिहिला. पुढे देशोदेशी एकाच अवयवाला अनेक नावे पडली, तेव्हा 1895 मध्ये बाझल येथे अधिकृत लॅटिन नावांची यादी ठरवण्यात आली. पुढे 1998 मध्ये सुधारित यादी आली, आणि तिचाही पाया लॅटिनच आहे. या इतिहासातून विद्यार्थ्याच्या रोजच्या उपयोगाचा एक ठोकताळा हाती येतो : अवयवाचे नाव बहुधा लॅटिन, तर आजाराचे आणि शस्त्रक्रियेचे बहुधा ग्रीक. मूत्रपिंडाची धमनी ‘रीनल’, पण त्याचा दाह ‘नेफ्रायटिस’. त्वचेची नस ‘क्युटेनियस’, पण त्वचेचा दाह ‘डर्मटायटिस’. हा ठोकताळा कुणी सांगितलाच नाही, तर एकाच अवयवाला दोन अनोळखी नावे का, हे कोडे वर्षभर सुटत नाही.

आता व्याकरण. मांडीतला एक स्नायू ‘अ‍ॅडक्टर मॅग्नस’, पायातली मोठी शीर ‘व्हेना सफेना मॅग्ना’, आणि कवटीच्या तळाचे मोठे छिद्र ‘फोरामेन मॅग्नम’. इंग्रजीच्या चष्म्यातून पाहिले तर मॅग्नस, मॅग्ना आणि मॅग्नम हे पाठ करायचे तीन वेगळे शब्द दिसतात, कारण इंग्रजी विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही. मराठी मुलाला मात्र हे दुसरीतिसरीपासून येते : मोठा, मोठी, मोठे. लॅटिनमध्येही तीन लिंगे आहेत आणि विशेषण नामाप्रमाणे बदलते. विभक्तीचेही तसेच. चेहऱ्यावरच्या एका इवल्याशा स्नायूचे नाव विद्यार्थ्यांत प्रसिद्ध आहे : ‘लेव्हेटर लेबिआय सुपिरिओरिस अलेक्वे नेसाय’. ते फोडून पाहावे. लेव्हेटर म्हणजे उचलणारा. ‘लेबियम’ म्हणजे ओठ, ‘लेबिआय’ म्हणजे ओठाचा. ‘सुपिरिओरिस’ म्हणजे वरच्या. ‘अले’ म्हणजे पंखाचा, इथे नाकपुडीच्या कडेचा, आणि त्याला चिकटलेला ‘क्वे’ म्हणजे ‘आणि’, संस्कृतातल्या ‘च’सारखा शब्दाच्या मागून येणारा. ‘नेसाय’ म्हणजे नाकाच्या. वरच्या ओठाला आणि नाकपुडीच्या कडेला उचलणारा, एवढाच अर्थ. यातही पाहण्यासारखे हे, की ‘वरचा ओठ’ हा ‘वरच्या ओठाचा’ होताना मराठीत नाम आणि विशेषण दोन्ही रूप बदलतात, आणि लॅटिनमध्येही नेमके तेच घडते. स्नायूचे नाव कळले की त्याचे काम वेगळे पाठ करावे लागत नाही.

उपसर्गांची गोष्ट याहून सोपी आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, हे विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कोलकात्यात मांडले आणि पुढच्या भाषाशास्त्राने ते पक्के केले. म्हणूनच दात ‘डेन्स’ आणि दंत, गुडघा ‘जेनू’ आणि जानू, हाड ‘ऑस्टिऑन’ आणि अस्थी, हृदय ‘कार्डिया’ आणि हृद् ही सख्खी नाती आहेत, आणि अनेक उपसर्गांचेही तसेच. यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे : किती मुलांना संस्कृत येते? शाळेत संस्कृत घेण्याची सोय सगळ्यांना नव्हती, आणि ज्ञानाच्या दाराशी पुन्हा संस्कृतचा पहारा बसवणे कुणालाच मान्य होऊ नये. पण इथे संस्कृत शिकण्याची गरजच नाही. लागणारे बरेच उपसर्ग बोलत्या मराठीत आहेत. ‘डिस्प्निया’तला ‘डिस’ म्हणजे दुष्काळातला ‘दुस्’. दुष्काळी माणदेशातल्या मुलाला तो समजावून सांगावा लागत नाही. ‘पेरिकार्डियम’मधला ‘पेरी’ म्हणजे परिसरातला ‘परि’. ‘अ‍ॅन्युरिया’तला ‘अ‍ॅन’ म्हणजे अनावृष्टीतला ‘अन्’. हा ठेवा प्रत्येक मराठी घरात आहे. त्याकडे बोट दाखवणारा शिक्षक तेवढा हवा.

दुसरा आक्षेप असा, की व्युत्पत्ती फसवते. ‘आर्टरी’ हे नाव धमनीतून हवा वाहते या जुन्या समजुतीतून आले असे सांगतात, ‘मलेरिया’ म्हणजे वाईट हवा; दोन्ही समजुती खोट्या ठरल्या. हे खरे आहे, आणि म्हणूनच व्युत्पत्तीने व्याख्येची जागा घेता कामा नये. पण फसवी नावे हाताच्या बोटांवर मोजता येतील, तर नियमाने चालणारी शेकड्यांनी आहेत, आणि त्यांत गल्लत झाली तर किंमत रुग्ण मोजतो. ‘गॅस्ट्रोटॉमी’ म्हणजे जठराला छेद देणे, ‘गॅस्ट्रेक्टॉमी’ म्हणजे जठर किंवा त्याचा भाग काढून टाकणे, ‘गॅस्ट्रोस्टॉमी’ म्हणजे जठराला पोटावर तोंड करून देणे. तीन शब्दांत फरक एका-दोन अक्षरांचा, पण शस्त्रक्रिया तीन. ‘हायपर’ आणि ‘हायपो’ कानाला जवळजवळ सारखे, अर्थ मात्र उलटे : साखर वाढलेली की उतरलेली? घोकलेला शब्द थकलेल्या रात्रपाळीत निसटतो. समजून घेतलेला सहसा निसटत नाही. शिवाय ज्याला संज्ञा फोडता येते, त्यालाच रुग्णाच्या नातेवाइकांना ‘पोटावर नळीसाठी तोंड करणार आहोत’ असे सरळ मराठीत सांगता येते.

मग सगळी परिभाषाच मराठी का करू नये, असे काहीजण विचारतील. या विचाराला मोठी परंपरा आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात 1861 मध्ये मराठीतून वैद्यकाचे वर्ग सुरू झाले होते. सातारा जिल्ह्यातल्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश आकाराला आला, आणि त्याचा पहिला लेखखंड निघण्याआधीच, 1973 मध्ये, परिभाषासंग्रहाचा अठरावा खंड प्रसिद्ध झाला. आधी शब्द, मग लेख, हा क्रम त्या मंडळींनी ठरवला, कारण शब्द पक्के नसतील तर शास्त्र सांगता येत नाही हे त्यांना ठाऊक होते. त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही ‘ह्यूमरस’ऐवजी ‘प्रगंडास्थी’ म्हटल्याने विद्यार्थ्याचे ओझे हलके होत नाही. एका अनोळखी शब्दाच्या जागी दुसरा येतो, आणि जगभरच्या ग्रंथांशी असलेला दुवा तुटतो. मध्य प्रदेशात ऑक्टोबर 2022 मध्ये हिंदीतली एमबीबीएसची पुस्तके आली, त्यांतही संज्ञा बव्हंशी इंग्रजीच, देवनागरीत लिहिलेल्या आहेत. तेव्हा संज्ञा मूळच्याच राहू द्याव्यात आणि त्यांचे स्पष्टीकरण मराठीत व्हावे, हा मार्ग मला व्यवहार्य वाटतो.

अभ्यासक्रमात वेळ कुठे आहे, हा शेवटचा प्रश्न. 2019 पासून एमबीबीएसच्या सुरुवातीला फाउंडेशन कोर्स आला आहे आणि त्यात भाषाकौशल्यांना जागा आहे. त्यातले आठ-दहा तास या कामाला पुरतील : दोन तास लिंग-वचन-विभक्तीला, दोन उपसर्गांना, दोन प्रत्ययांना, उरलेले सरावाला. मिरज, कराड, सांगली, इस्लामपूर आणि सातारा इथल्या शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापकांनी मराठीच्या शिक्षकांना सोबत घेऊन चाळीस-पन्नास पानांची एक पुस्तिका तयार करावी. तिला वेगळ्या अनुदानाची किंवा नव्या कायद्याची गरज नाही. वाईची परिभाषा आणि मिरजेचे वैद्यक या दोन परंपरा ज्या प्रदेशात आहेत, त्या प्रदेशाने हे काम पुढच्या प्रवेशांपर्यंत हाती घ्यावे, अशी माझी या सर्व महाविद्यालयांना आग्रहाची विनंती आहे.