लोणारवरील संशोधन आणि वाचनाचा हक्क

बेसाल्ट खडकात उल्कापाताने घडलेली विवरे पृथ्वीवर मोजकीच असून, त्यांत बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर सर्वांत सुस्थितीतले मानले जाते. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केल्यापासून या विवरावर विपुल लेखन झाले; मात्र ते लोणारच्या शाळेतील शिक्षकाला किंवा मेहकरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला वाचता येते का, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही.

ला टूश आणि ख्रिस्ती यांचा १९१२ चा निबंध भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘रेकॉर्ड्स’मध्ये आला आणि त्यावरील स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली आहे. विवर ज्वालामुखीने घडले की उल्कापाताने, या वादातील निर्णायक पुरावा मात्र १९७३ मध्ये अमेरिकेतील ‘सायन्स’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांना विवराच्या तळाशी घेतलेल्या छिद्रांतून मिळालेल्या खडकात मॅस्केलिनाइट आढळले. फेल्डस्पार हे खनिज प्रचंड आघाताच्या दाबाखाली न वितळताच काचेसारखे होते, तेव्हा त्याला हे नाव मिळते. ज्वालामुखीच्या क्रियेत असा दाब निर्माण होत नसल्याने वाद उल्कापाताच्या बाजूने निकालात निघाला. या चौघांपैकी दोघे भारत सरकारच्या सर्वेक्षण खात्याचे होते, म्हणजे या कामात भारतीय करदात्याचा पैसा होता. तरीही तो लेख पुढे वर्गणीदारांसाठीच राखीव राहिला.

ही कोंडी फोडण्यासाठी जी चळवळ उभी राहिली, तिला मुक्त प्रवेश प्रकाशन म्हणतात. फेब्रुवारी २००२ च्या बुडापेस्ट घोषणेने तिला निश्चित रूप दिले. समीक्षण झालेला लेख कोणालाही विनामूल्य वाचता, उतरवून घेता आणि वापरता यावा, असा तिचा आग्रह आहे. त्याचे दोन मार्ग सांगितले जातात. हरित मार्गात लेखक आपल्या लेखाची प्रत संस्थेच्या खुल्या भांडारात ठेवतो. सोनेरी मार्गात नियतकालिकच लेख खुला करते, परंतु त्याचा खर्च बहुधा लेखकाकडून शुल्करूपाने घेतला जातो. ‘नेचर’ने २०२१ मध्ये हे शुल्क ९,५०० युरो ठेवले होते, आणि एवढी रक्कम आपल्याकडील एखाद्या जिल्ह्यातील प्राध्यापकाच्या आवाक्यात येणे शक्य नाही. वाचकावरचा भार लेखकावर टाकणे हा न्याय नव्हे.

भारतात याहून बरे उदाहरण पूर्वीपासून आहे. बंगळूरूचे ‘करंट सायन्स’ विनामूल्य वाचता येते आणि विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात खुले असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये देऊन सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी व्यवस्थापनाखालील शिक्षणसंस्थांना उपलब्ध करण्यात आली. योजना स्वागतार्ह असली, तरी संस्थेबाहेरचा नागरिक तिच्यात बसत नाही. याउलट, बैरूतमध्ये १९६३ साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूट फॉर पॅलेस्टाइन स्टडीज ‘जेरुसलेम क्वार्टर्ली’ हे नियतकालिक सर्वांना विनामूल्य देते. ज्याच्याविषयी त्यात लिहिले जाते तो पॅलेस्टिनी समाज देशोदेशी विखुरलेला असताना हा निर्णय किती मोलाचा आहे, हे सांगणे नलगे.

बंदिस्त ज्ञानाचा परिणाम लोणारच्या वयात स्पष्ट दिसतो. खनिजे तापवल्यावर निघणारा प्रकाश मोजणाऱ्या तप्तदीप्ती पद्धतीने १९९७ मध्ये सुमारे ५२ हजार वर्षे हे वय निघाले. खडकातील पोटॅशियमपासून कालौघात तयार होणारा आर्गॉन वायू मोजून २०११ मध्ये ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात मांडलेले वय मात्र सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे, म्हणजे जवळजवळ अकरा पट आहे. लोकप्रिय लेखनात अजूनही पहिलाच आकडा फिरतो आणि वाद चालू आहे हेसुद्धा बहुतेकांच्या कानी पडत नाही. लोकांना रस नाही असे म्हणता येणार नाही, कारण जून २०२० मध्ये विवरातील सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा त्याचे कारण जाणण्याची उत्सुकता घरोघरी होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हॅलोआर्किया या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले, तेही बहुतेकांना वृत्तपत्रांतूनच कळले.

लोणार हे अभयारण्य असून २०२० पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आहे, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या २८ व्या कलमानुसार तेथे वैज्ञानिक अभ्यासासाठी प्रवेश करायला परवाना लागतो. वनविभागाने या परवान्याला एक अट जोडावी: नमुने नेणाऱ्या प्रत्येक संशोधकाने प्रसिद्ध लेखाची खुली प्रत आणि दोन पानांचा मराठी सारांश लोणारच्या वाचनालयात जमा करावा.